सतरा दिवसांचा तक्ता

१२ जानेवारी, दुपारची सुट्टी

मामा,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखणार आणि दोन दिवस ते तसंच टेबलावर ठेवून देणार, हे मला ठाऊक आहे. ठेव. अकरा वर्षं थांबलेलं बोलणं आणखी दोन दिवसांनी शिळं होत नाही. मायना काय लिहावा यातच अर्धी सुट्टी गेली. लहानपणापासून तुला अरे-तुरे करत आले, आता कागदावर तुम्ही-आम्ही कुठून आणू?

तू रागावलेला आहेस हे गृहीत धरूनच लिहितेय, पण मनधरणी करायला लिहीत नाहीये. मला एक प्रश्न पडलाय. तो सोडवू शकेल असा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे आणि तो नेमका फोन उचलत नाही. मग करणार काय.

कारखान्यात नवे साहेब आलेत. वय माझ्याएवढंच, खिशाला दोन पेनं, आणि कशाबद्दलही बोलायला लागले की आधी आलेख काढतात. आल्या आल्या त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर एक कागद लावला. त्यावर दोन रेघा आहेत. एक वर जाते: आपण महिन्याला किती टन लोखंडी काम बनवून बाहेर पाठवतो. दुसरी खाली येते: शेडमधल्या एका माणसाच्या हातात महिन्याला किती पडतं, महागाई वजा करून. साहेबांचं म्हणणं असं की यांना मजुरी टनावर मिळते, मग टन वाढल्यावर मजुरी घटेलच कशी? माणसं आळशी झाली असणार.

मी म्हटलं, तसं नाही. खांब आणि तुळया आता मशीन कापतं आणि मशीनच भोकं पाडतं. वाढलेले टन ते आहेत, त्यांत शेडमधल्या आपल्या टोळीचा वाटा नाही. टोळीकडे उरलं बारीक काम: जिने, कठडे, आधाराचे कंस. हे ऐकून साहेबांनी मला पेचात पकडलं. म्हणाले, पण बारीक कामाला टनामागे दर कितीतरी जास्त आहे. खांबावर लावलेल्या माणसाला दिवसाचे जेवढे सुटतील तेवढेच जिन्यावरच्या माणसाला सुटावेत, म्हणूनच तो तसा ठरवला होता ना? मग तूट येते कुठून?

टोळीच्या वतीनं मजुरीच्या करारावर सही तुझी आहे. म्हणून तुला विचारते, तूट येते कुठून? करार एकतीस मार्चला संपतोय. नवे दर काढायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलंय, आणि मी काही वेगळं सांगितलं नाही तर जुनाच हिशेब पुढची दहा वर्षं चालू राहील.

बाकी शेड आहे तशीच आहे. म्हातारा वेल्डर अजून आहे. तिशीतच केस पांढरे झाले म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणायचे. आता खरोखर दोन नातवंडं झालीत तर त्याला ते नाव खपत नाही. मला अजून सगळे भाचीच म्हणतात. तिशी गाठली, चष्मा लागला, तरी वरच्या ऑफिसातून खाली उतरले की 'भाची आली' अशीच हाक होते. ज्याची भाची त्याचा विषय मात्र कोणी काढत नाही.

भाची


२७ जानेवारी, रविवार सकाळ

मामा,

उत्तर आलं नाही. पण मामीनं आईला फोनवर सांगितलं की तू चष्मा लावून पत्र दोनदा वाचलंस आणि मग काहीतरी पुटपुटत गच्चीवर गेलास. पुटपुटलास म्हणजे प्रश्न आवडला असणार.

या आठवड्यात मी रोज तासभर खाली जाऊन जिना होताना बघत होते. वर बसून मी इतकी वर्षं जिने कागदावर बघते आणि वजनं काढते, पण एक जिना सुरुवातीपासून शेवटपर्यंत होताना बघितला त्याला जमाना झाला. दोन बाजूंच्या पट्ट्या, मध्ये चौदा पायऱ्या. प्रत्येक पायरीला दोन्ही टोकांना वरून आणि खालून जोड, म्हणजे छप्पन्न जोड. खालचे जोड उताणं झोपून करायचे. मग सगळं घासायचं, कारण जिन्यावर माणसाचा हात फिरणार. आणि एवढ्या सगळ्याचं वजन किती? एका धड खांबाच्या पावपटही नाही.

मी आजोबाला विचारलं, वजनावर मजुरी द्यायची ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली असेल? तो म्हणाला, "शिंप्याला कापडाच्या वजनावर शिलाई दिली तर तो घोंगड्याच शिवेल. आम्हाला तेवढीही सोय नाही, जे येईल ते शिवायचं." आणि पुन्हा तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा ओढून कामाला लागला.

पण मला वाटतं उत्तर साधं आहे. मालक लोखंड टनावर विकत घेतो, गिऱ्हाइकाला टनावर विकतो. दोन्हीकडे टन असल्यावर मधल्या माणसाला तरी वेगळं माप कशाला, असं कोणाला तरी वाटलं असेल. ते बसलं ते बसलंच. वाईट हेतू कुणाचाच नसावा. मला याचीच गंमत वाटते की एवढी मोठी गोष्ट केवळ सोयीसाठी ठरून जाते.

ही टनाची गैरसोय भरून काढायला म्हणून तर तुमच्या करारात प्रत्येक कामाला लागणारा वेळ धरला होता. खांबाला इतका, छपराच्या कैचीला इतका, जिन्याला इतका. त्या वेळांवरून टनाचे दर निघाले. जिन्याची वेळ होती सहा तास दहा मिनिटं. ती कुणी घेतली, कशी घेतली, हे तुला माहीतच आहे. तो भाग सोडते.

पहिल्या महिन्याची मजुरी हातात पडली तेव्हा जिन्यावरच्या लोकांना आधीपेक्षा जवळजवळ तिसरा हिस्सा कमी मिळाला. शेडच्या दारावर आतल्या बाजूनं कुणीतरी खडूनं 'दलाल' लिहिलं. तू ते स्वतःच्या बाहीनं पुसलंस, मग चार दिवस मुकाट्यानं कामावर आलास आणि पाचव्या दिवशी आला नाहीस. आई अजून म्हणते की माझ्या भावाचा त्या लोकांनी केसानं गळा कापला. ती म्हणते आणि मी भाजी निवडत बसते.

भाची


९ फेब्रुवारी, दुपारची सुट्टी

मामा,

आज जरा मजेचं लिहिते.

साहेब म्हणाले, वादच नको, नव्यानं वेळ घ्या. म्हणून मी गेल्या आठवड्यात घड्याळ घेऊन जिन्याशेजारी उभी राहिले. पाय दुखले तरी हलले नाही. जिना झाला सहा तास वीस मिनिटांत.

विचार कर. साठीला टेकलेला आजोबा, त्याच्या हाताखालचा कालपरवा लागलेला फिटर, आणि अकरा वर्षांपूर्वीच्या वेळेत फरक फक्त दहा मिनिटांचा. साहेब खूश झाले, म्हणाले, बघा, जुन्या वेळा बरोबरच आहेत. दुसऱ्या दिवशी मी खाली न जाता मुद्दाम वरच थांबले आणि संध्याकाळी सहज विचारलं की आजचा जिना झाला का. नव्हता झाला. तो तिसऱ्या दिवशी सकाळी पुरा होऊन उठला.

मग मी एकेकाला गाठून विचारत सुटले. मी उभी राहिले की तुम्ही पळता का? घासणाऱ्यानं कानावर हात ठेवले, छे, आम्ही कुठे पळतो. नव्या फिटरनं सरळ सांगितलं की कुणी बघत असलं की हात आपोआप उचलतात, त्याला तो काय करणार. आजोबा म्हणाला, कागदावर आपलं नाव मंद म्हणून जावं असं कोणाला वाटेल?

मामा, मला याचं नवल वाटतं. ज्या वेगावर आपली मजुरी ठरणार तोच वेग वाढवून दाखवणारी माणसं जगात आणखी कुठे असतील का? भाजीवाला तराजूला बोट लावतो ते स्वतःच्या बाजूनं. आपले लोक लावतात ते गिऱ्हाइकाच्या बाजूनं, आणि वर छाती फुगवतात. हातात कला असलेल्या माणसाला मंद म्हणवून घेणं इतकं जड जातं का, की त्यापुढे पगारही स्वस्त वाटावा? तू तीस वर्षं हेच काम केलंस, तूच सांग.

मग न बघता बघायचं कसं? बरंच डोकं चालवलं. वेल्डिंगच्या तारेची रिळं मोजून बघितली, त्यातून वेळ निघेना. शेवटी उत्तर डोक्यावरच सापडलं. क्रेनवाली. तुझ्या वेळी ती नवीनच होती, आठवत असेल, सगळे म्हणायचे बाई क्रेन कशी चालवणार. कधीतरी तिच्यावर उशीर केल्याचा आळ आला होता, तेव्हापासून ती प्रत्येक उचल वहीत टिपते. किती वाजता, काय उचललं, कुठून कुठे. प्रत्येक जिन्याच्या पट्ट्या क्रेननंच मांडणीवर, म्हणजे जोडायच्या ओट्यावर, येतात आणि झालेला जिना क्रेननंच बाहेर जातो, म्हणजे आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ आपोआप नोंदलेली आहे. एकोणतीस वह्या आहेत. मधूनमधून शेरे: 'आज सात वेळा शिट्टी, एकदाही आभार नाहीत.' 'खालचे भांडतायत, मी वर सुखी.'

तिनं वह्या दिल्या, पण एक अट घातली की चहा सांडायचा नाही. मी चार रविवार पुरेल एवढं काम घरी घेऊन आलेय. आतापर्यंत शंभरेक जिने काढले. सरासरी साडेनऊ तासांच्या आसपास येते. साडेनऊ, मामा, आणि आपण पैसे देतो सहा तास दहा मिनिटांचे. साहेबांच्या दुसऱ्या रेघेचं कोडं इथेच सुटतं.

त्या वर्षीच्या, म्हणजे कराराच्या वर्षीच्या वहीपर्यंत अजून पोचले नाही.

भाची


१० फेब्रुवारी

मामा,

कालच्या पत्राची शेवटची ओळ खोटी आहे. ती वही मी सगळ्यात आधी उघडली होती.

आणि तूट कुठून येते हे मला पहिल्या पत्राच्या आधीपासून माहीत होतं. तुला विचारत होते ते फक्त बोलायला कारण हवं म्हणून. बाकीचं लिहायला थोडे दिवस दे.


२ मार्च, रविवार, आई देवळात गेलीय

मामा,

तीन वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. तू शब्द टाकलास म्हणून मला ऑफिसात घेतलं, तेही कच्चं, सहा महिन्यांसाठी. त्या वेळच्या इंजिनिअरनं मला घड्याळ दिलं, पाटीला लावलेला कागद दिला आणि सांगितलं की सतरा दिवस शेडमध्ये उभं राहायचं आणि प्रत्येक कामाला लागलेला वेळ लिहायचा. मी किती मिजाशीत खाली उतरले होते ते तुला आठवत असेल. तुम्ही सगळे मला बघून हसत होतात आणि कामाला नुसते भिडत होतात. मला वाटायचं, काय माणसं आहेत, काय वेग आहे. तू तर पाणी प्यायलाही थांबत नव्हतास. मी घरी येऊन आईला सांगायचे की मामा वाघासारखा काम करतो.

बाराव्या दिवशी माझं घड्याळ बंद पडलं. इंजिनिअरनं ते दुरुस्तीला पाठवलं आणि मला वर जुनी कागदपत्रं लावायला बसवलं. त्या खोलीला शेडकडे उघडणारी एक छोटी काच आहे. त्या दिवशी माझं लक्ष कागदांपेक्षा काचेकडेच जास्त होतं. भिंतीवरच्या घड्याळावर बघून मी सहज म्हणून एका पाठकोऱ्या कागदावर लिहीत गेले. तुम्हाला माहीत नव्हतं मी बघतेय ते. तुम्ही पाणी प्यायलात. बसलात. क्रेनची वाट बघितलीत. एक पायरी वाकडी बसली म्हणून काढून पुन्हा लावलीत. जिना सकाळच्या भोंग्याला सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर संपला. जेवणाची सुट्टी वजा जाता नऊ तास चाळीस मिनिटं.

मी तो कागद घडी करून वहीत ठेवला. तक्त्यात घातला नाही.

का घातला नाही, हे मी स्वतःला अकरा वर्षं वेगवेगळं सांगत आलेय. घड्याळ वेगळं होतं. नीट दिसत नव्हतं. एकाच दिवसाचं होतं. खरं कारण असं की बाकीच्या सोळा दिवसांचा माझा तक्ता फार सुंदर झाला होता, सगळ्या वेळा एकमेकींच्या जवळ, कुठे खाडाखोड नाही. तो एक आकडा घातला असता तर इंजिनिअर म्हणाला असता, पोरीला मोजता येत नाही. तक्ता बघून तो म्हणाला, "छान, स्वच्छ काम आहे." त्याच आठवड्यात माझं पक्कं झाल्याचं पत्र निघालं. मला नोकरी हवी होती, मामा. बाबा नव्हते, आईच्या शिवणावर घर चालत होतं, ते तुला सांगायला नको.

मग त्याच तक्त्यावरून दर निघाले आणि तू सही केलीस. तुला दलाल म्हणाले तेव्हा मी वरच्या काचेतून बघत होते. खाली उतरून एक वाक्य बोलायचं होतं मला. मी बोलले नाही. तू निघून गेलास, आणि आई तुझ्यासाठी रडली, आणि मी तिला म्हटलं की लोकच वाईट.

आता क्रेनवालीच्या वहीत ते सतरा दिवस आहेत. सोळा दिवस जिने सहा-साडेसहा तासांत उठलेत. बाराव्या दिवसाचा मांडणीवर तसाच पडून आहे. त्याच्यासमोर तिनं लिहिलंय, 'आज पोरगी नाही, शांतता.' आणि सतरा दिवस संपल्यावर पुन्हा साडेनऊ, दहा, साडेनऊ. कुणीही ही वही वाचली तर त्याला दोन मिनिटांत सगळं कळेल. मला भीती वाटते, आणि या एका बाबतीत बरंही वाटतं की आता लपवून उपयोग नाही.

मी साहेबांना सांगणार आहे. मग टोळीला. तुला आधी, कारण सगळ्यात जास्त तुझं गेलं.

भाची


१६ मार्च, रविवार

मामा,

सांगितलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं, आणि म्हणाले, हे लेखी द्याल का? दिलं. वरची जागा मला मिळणार होती, ती आता मिळणार नाही, हेही त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते भले माणूस निघाले. म्हणाले की वह्यांवरून नव्या वेळा धरायला त्यांची ना नाही, फक्त टोळीसमोर हे सगळं मी स्वतः बोलायचं.

गुरुवारी चहाच्या वेळी बोलले. बावीस जण होते, कुणी पिंपावर, कुणी अर्धवट झालेल्या जिन्याच्या पायऱ्यांवर. क्रेनवाली वरूनच ऐकत होती, खाली आली नाही. मी एका दमात सांगून टाकलं की तुम्ही पळत होतात, वेळा पळत्या माणसांच्या होत्या, त्यांवर तुमची मजुरी बसली, आणि मामाला यातलं काही माहीत नव्हतं, त्याला विनाकारण बोल लावलात. बाराव्या दिवसावर यायच्या आधीच दम संपला.

मग आजोबानं पेला खाली ठेवला.

"आम्ही पळालो हे आम्हाला माहीत नसेल का? पाय आमचेच होते."

मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत?

"तुझ्या मामानंच पळायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "पोरीची पहिली नोकरी आहे, पक्की व्हायची आहे, सतरा दिवस जरा हात उचला, तिचं काम चांगलं दिसू दे. त्याला ऑफिसनं सांगितलं होतं की वेळा फक्त कामाच्या आखणीसाठी आहेत. आम्हीही म्हटलं, आपलीच पोरगी आहे. मग त्याच वेळांवर दर आला. आम्ही त्याला म्हटलं, जा आणि सांग की आम्ही पळालो होतो. तो गेला नाही. गेला असता तर तुझा तक्ता खोटा ठरला असता ना. तो गेला आणि सही करून आला."

मामा, मी तिथेच पिंपावर बसले.

आजोबा पुढे म्हणाला, "भाचीच्या नोकरीसाठी त्यानं आमची मजुरी दिली. ते आम्हाला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. तुला कधी बोललो नाही, कारण तू एकोणीस वर्षांची होतीस, तुला काय ठाऊक."

आता त्याला वाटत होतं की मला काहीच ठाऊक नव्हतं. तिथे गप्प बसले असते तर बसता आलं असतं. मी बाराव्या दिवसाचा कागद काढून त्याच्या हातात दिला. अजून माझ्याकडे होता, हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. कागद हातोहात फिरला. नवा फिटर, जो त्या वेळी शाळेत असेल, तो उठून बाहेर निघून गेला. आजोबानं तो वाचला, मागेपुढे करून बघितला आणि एवढंच म्हणाला, "म्हणजे कागद होता तर. हा असता तर त्याला बोलायला तोंड मिळालं असतं. तुला खोटं न पाडता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. तू मला वाचवायला गप्प बसलास, मी मला वाचवायला गप्प बसले, आणि मधल्या मध्ये बावीस घरांनी अकरा वर्षं कमी खाल्लं. तू माझ्यासाठी हे करायला नको होतंस. मला तुझा राग आलाय, आणि तुझी इतकी आठवण येतेय की लिहिता येत नाही.

आईला सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, त्याला पत्र लिहितेस ना, त्यात माझी खुशाली लिही.

भाची


२९ मार्च, शनिवार, ऑफिस सुटल्यावर

मामा,

दर झाले. काल सह्या झाल्या. जिने, कठडे आणि कंस आता टनावर नाहीत, जोडांवर आहेत. छप्पन्न जोड म्हणजे छप्पन्न जोडांचे पैसे, वजन काही का असेना. जिन्याला आधीच्या जवळजवळ दीडपट पडतील.

त्याआधी साहेबांना एक ताजी मोजणी हवी होती, वह्यांशी ताळा म्हणून. टोळी म्हणाली चालेल, पण मोजायला भाचीच हवी. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. गेले दोन आठवडे चहाला माझ्याशेजारी कोणी बसत नाही, आणि मोजायला मीच? मी आजोबाला विचारलं तर म्हणाला, "तूच उभी राहा. या वेळी तुझं लक्ष दुसरीकडे जाणार नाही."

म्हणून मंगळवारी पुन्हा घड्याळ घेऊन उभी राहिले. पहिला तास सगळे सवयीनं पळाले. मग कुणीतरी ओरडलं, हळू, अरे बाबा हळू. त्याबरोबर सगळे इतके हळू झाले की मला हसू आवरेना. नवा फिटर अर्ध्या तासात चार वेळा पाणी प्यायला. आजोबानं त्याला झापलं, नाटक करू नकोस, रोज करतोस तसं कर. पण रोज आपण कसं करतो हे कुणालाच आठवेना. माणसाला आपली नेहमीची चाल करून दाखवता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी जेवणानंतर ते मला विसरले, आणि मग खरं काम सुरू झालं. पहिला जिना मी सोडून दिला आणि दुसरा मोजला, तो गुरुवारी पुरा झाला.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास आजोबा खालचे जोड करून बाहेर सरकला. हातातला वेल्डिंगचा होल्डर ठेवला, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिही. पाठ. तीन मिनिटं."

माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. मी पेन्सिलीनं एक उभी रेघ मारून नवा रकाना पाडला आणि लिहिलं, पाठ, तीन मिनिटं. त्यानंतर सगळेच सांगायला लागले. डोळे, दोन मिनिटं. पाणी. क्रेनची वाट, अकरा मिनिटं. हे ऐकून वरून क्रेनवालीची शिट्टी वाजली. वाकडी पायरी, पुन्हा लावली, नऊ मिनिटं. पुन्हा पाठ. जिना झाला नऊ तास पंचवीस मिनिटांत. त्यातली बावन्न मिनिटं त्या नव्या रकान्यातली.

साहेबांनी तक्ता बघितला आणि विचारलं, हे काय, पाठ? मी म्हटलं, पाठच. त्यांनी तो रकाना पेनानं पक्का केला. मामा, त्या लोकांना आता पाठ दुखण्याचेही पैसे मिळणार आहेत. इतकी वर्षं ती दुखतच होती, फक्त ती कुठे लिहिलेली नव्हती.

तुझ्याबद्दल सगळ्यांचं मत बदललं असं लिहिलं तर ते पुन्हा खोटं होईल. काहींचं बदललं, काहींचं नाही. मला अजून चहाला कोणी बोलावत नाही. पण काल सह्या झाल्यावर आजोबा जिन्याशी रेंगाळला. म्हणाला की त्या सतरा दिवसांत सगळ्यात जास्त कोण पळालं असेल तर तुझा मामा. शेवटच्या दिवशी भोंगा झाल्यावर तो मांडणीला धरून उभा होता, त्याला सरळ होता येत नव्हतं, आम्ही दोघांनी त्याला फाटकापर्यंत नेलं. मग त्यानं विचारलं, "आता कशी आहे त्याची पाठ?"

मला माहीतच नव्हतं. सतरा दिवस मी तुझ्यापासून दहा हातांवर उभी होते, आणि माझ्या त्या सुंदर तक्त्यात तू एक मिनिटही थांबलेला नाहीस.

किती दुखत होती रे? मला कळव. मिनिटांत कळव, तासांत कळव, कसंही. मी लिहून घेते.

भाची